उजवा म्हणून सांगितलेला कौल

माझ्या थोरल्या भावाच्या ऑपरेशनआधी आमच्या गावच्या देवाने दिलेला कौल डावा होता. मी त्याला फोनवर उजवा म्हणून सांगितला. ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

आमच्याकडची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. विहीर खणायची, मुलीचं जमवायचं, कोर्टात जायचं, असं काही मोठं असलं की आमच्यात ग्रामदेवतेला विचारतात. गुरव देवाच्या छातीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे गप्प बसून मूर्तीकडे बघत राहतात. उजवीकडची पाकळी आधी सुटली तर देवाची संमती. डावीकडची सुटली तर नको, निदान आत्ता तरी नको. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. ओली पाकळी दगडावर किती वेळ टिकते हे पाणी, ऊब आणि वारा ठरवतात, देवाचा त्यात काय संबंध, असं मी वर्गात बऱ्याचदा बोललो आहे. मुलं हसायची. मला ते हसणं आवडायचं, हेही आता लपवत नाही.

दादाचं आयुष्य मालवाहू जहाजांवर, इंजिन खात्यात गेलं. बोटीवर असताना सिगरेटी ओढल्या, कायमचा घरी आल्यावर सोडल्या. रत्नागिरीत मांडवीला घर बांधलं, गावी आंब्याची कलमं लावली. वडील लवकर गेल्यामुळे माझं शिक्षण त्याच्या पगारावर झालं. मी पीएच.डी. झालो तरी तो मला मास्तरच म्हणायचा. प्राध्यापक म्हणायला जीभ दोनदा वळवावी लागते, म्हणे.

पाडव्याच्या सुमाराला तो खोकायला लागला. आंब्याच्या फवारणीचं औषध घशात गेलं असेल, असं म्हणून त्याने कितीतरी दिवस काढले. मग एका सकाळी तोंड धुताना बेसिनमध्ये लाल दिसलं आणि वहिनीने मला फोन केला. रत्नागिरीत फोटो काढला, मग स्कॅन, मग मुंबई. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात गाठ होती. सुई घालून तुकडा काढला, तो कॅन्सरचा निघाला. त्यातल्या त्यात बरी बातमी म्हणजे गाठ अजून छातीतच होती, बाहेर पसरली नव्हती. सर्जन म्हणाले, खालचा भाग काढून टाकता येईल, उरलेल्यावर माणूस चांगला जगतो.

त्याच रुग्णालयात एक संशोधन चालू होतं. अशा गाठीच्या काही रोग्यांना सरळ ऑपरेशन करायचं, आणि काहींना आधी शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध सलाइनमधून द्यायचं, गाठ आकसली की मग कापायचं. कोणती पद्धत जास्त माणसं वाचवते ते त्यातून कळणार होतं. त्या कामावरची एक तरुण डॉक्टर आम्हाला समजावून सांगत होती. तुम्ही कोणत्या गटात जाल हे मी ठरवणार नाही, सर्जन ठरवणार नाहीत, तुम्हीही नाही. ते कम्प्युटर ठरवतो.

दादा लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे कौल लावता तुम्ही."

तिला कौल माहीत नव्हता. दादाने तिच्या टेबलावरचे दोन टाचणीचे डबे इकडे तिकडे ठेवून, मधे पेपरवेट देव करून, तिला सगळं दाखवलं. तिला हसू आलं, पण चेष्टेचं नाही. बरंचसं तसंच आहे काका, म्हणाली, फक्त आमच्या कम्प्युटरला कोणाबद्दल काही वाटत नाही, म्हणून तर त्याच्याकडे देतो.

"तेच तर," दादा म्हणाला. "तो मला ओळखत नाही. आमचा देव ओळखतो. मी आधी त्याला विचारतो, मग तुमच्या कम्प्युटरला काय विचारायचं ते विचारा."

तिने अवश्य विचारा म्हटलं. घाई नाही, नाही म्हणालात तरी नेहमीचे उपचार इथेच मिळतील, हो म्हणून नंतर बाहेर पडलात तरी चालेल. ती प्रत्येक वाक्य सावकाश, त्याच्या डोळ्यांत बघून बोलत होती. मी शेजारी बसून मनातल्या मनात चडफडत होतो. महिनाभर मी जे हाती लागेल ते वाचत होतो, ओळखीच्या डॉक्टरांना फोन करत होतो. गाठीचं माप, तिची जात, अशा गाठींवर या औषधाबद्दल काय म्हणतात, सगळं मला तोंडपाठ झालं होतं. दादाने त्या संशोधनात जावं असं माझं ठाम मत होतं. आणि तो म्हणत होता, पाकळीला विचारतो.

सुई घातल्यावर त्याच्या छातीत थोडी हवा गळली होती, त्यामुळे डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं. तो आणि वहिनी रुग्णालयाजवळ एका नातेवाइकांकडे राहिले. मला परीक्षांसाठी रत्नागिरीला परतायचंच होतं. निघताना दादा जिन्यापर्यंत आला. गावी जा, देवाला विचार, म्हणाला. मग माझा चेहरा बघून हसला. "तुझा विश्वास नाही ते मला माहीत आहे रे. तू फक्त जा आणि बघून ये. बघायला विश्वास लागत नाही."

मी गेलो, यात मी चुकलो नाही. आंघोळ करून, नारळ घेऊन गेलो. देऊळ रिकामं होतं. आमचा गुरव वयाने दादाएवढा, दोघं एका शाळेत होते. त्याने सोवळं नेसलं, समई सारखी केली आणि विचारलं, गाऱ्हाण्यात काय घालू. मी त्याला ऑपरेशन, आधीचं औषध, दोन गट, कम्प्युटर, सगळं सांगायला लागलो. त्याने हात वर करून मला थांबवलं.

"मास्तर, देवाला एका वेळी एकच. हो की नाय. बाकीचं तुमी बघा."

मग मी थोडा विचार केला आणि म्हणालो, मुंबईला जे करायचं ठरतंय ते करावं का, असं विचार. तसं त्याने विचारलं. बारा गावच्या देवांची, वेशीवरच्यांची आठवण करत त्याने दादाचं नाव घेतलं, छातीत गाठ आहे म्हणाला, पोरगं तुझं आहे, सांभाळ म्हणाला. गाऱ्हाणं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, पण त्या दिवशी मीही हात जोडले.

डावीकडची पाकळी सुटली. फार वेळ लागला नाही. उजवीकडची तशीच राहिली, नंतर गुरवाने ती बोटाने काढली.

माझं डोकं ताबडतोब कामाला लागलं. समई डाव्या बाजूला होती. तिची धग पाकळीला लागली, ती आधी सुकली, आधी पडली. इतकं साधं होतं. मी गुरवाला म्हटलं, समई जरा लांब घेऊन पुन्हा लावून बघू या का. तो रागावला नाही.

"एकाच गोष्टीसाठी देवाला दोनदा उठवू नये," म्हणाला. "थांबा म्हणतोय तो. दादाला सांगा, पुन्यवेला परत विचारू."

पुनवेपर्यंत थांबलं असतं तर फार बिघडलं नसतं, हे आज मला कळतं. तेव्हा वाटत होतं की एकेक दिवस गाठ वाढते आहे. आणि आणखी एक गोष्ट होती, ती लिहायला हात जड होतो. मला दादा वाचायला हवा होता, हे खरंच. पण मला जिंकायचंही होतं. माझ्या महिनाभराच्या वाचनाला बाजूला सारून एका पाकळीने निकाल द्यावा, हे मला सहन होईना. देवळाच्या पायऱ्या उतरून मी गाडीजवळ आलो, फोन लावला. वहिनीने उचलला आणि स्पीकरवर ठेवला. दादाने विचारलं, काय रे.

मी म्हटलं, "उजवा."

पलीकडे वहिनी रडायला लागली.  दादाने गुरवाची तब्येत विचारली, कलमांना पाणी घालायला गडी येतो का ते विचारलं. त्याचा आवाज इतका मोकळा होता, की मी गाडीत बसून स्वतःला सांगितलं, याहून चांगलं औषध मी त्याला देऊ शकलो नसतो.

पुढच्या खेपेला मी मुंबईला होतो तेव्हा त्या डॉक्टरने त्याची संमती घेतली. पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावलं. धोकेही सांगितले. या औषधाने क्वचित शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटतं, फुफ्फुसावरही. ऑपरेशनचे धोके वेगळे. दादा मान डोलावत होता. शेवटी तिने विचारलं, काका, हा निर्णय तुमचाच ना, कोणी आग्रह तर केला नाही ना.

"माझा," दादा म्हणाला, "आणि देवाचा."

तिने माझ्याकडे पाहिलं, नातेवाइकांकडे पाहतात तसं. मी मान हलवली, कोणी आग्रह केला नाही म्हणून. माणसावर संशोधन करताना त्याची संमती म्हणजे काय, ती खरी केव्हा आणि खोटी केव्हा, हे मी एम.एस्सी.च्या मुलांना शिकवतो. त्या खोलीत ते माहीत असलेले आम्ही दोघे होतो, ती आणि मी. तिने तिचं काम चोख केलं.

कम्प्युटरने त्याला औषधाच्या गटात टाकलं. सलाइनच्या फेऱ्या झाल्या. त्याला थकवा यायचा, अंगाला खाज सुटायची, पण खोकला कमी झाला. नव्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्याहून लहान दिसली. सर्जनने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून आम्हाला दाखवली, त्यांचाही चेहरा फुलला होता. दादा वॉर्डभर सांगत फिरला, आमच्या देवाने आधीच सांगितलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या एका माणसाने आमच्या गावाचा रस्ता विचारून घेतला. मी हसत होतो. त्या दिवसांत मला खरोखरच वाटलं की माझं पाप पचलं.

ऑपरेशन नीट झालं. खालचा भाग निघाला, उरलेलं फुफ्फुस फुगलं, छातीतली नळी निघाली, तो व्हरांड्यातून चालायला लागला. मग ताप आला. मग धाप. फोटोत ज्या डाव्या फुफ्फुसाला कोणी हातही लावला नव्हता, तेच पांढरं दिसायला लागलं. औषधाने जागं केलेलं शरीर उलटलं असेल, जंतू शिरले असतील, किंवा दोन्ही. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. आम्हाला नक्की सांगता येत नाही, एवढं ते स्पष्ट बोलले. स्टेरॉइड दिलं, अँटिबायोटिक बदललं, नाकाला प्राणवायूचा जोरदार झोत लावला.

वहिनीने सर्जनना व्हरांड्यात गाठलं. टीव्हीवर दाखवतात, एकाचं फुफ्फुस दुसऱ्याला बसवतात, तसं यांना नाही का बसवता येणार. माझी दोन आहेत, एक घ्या. सर्जन तिच्याबरोबर बाकावर बसले. कॅन्सर झालेल्या माणसाला असं बसवत नाहीत, आई, आणि जिवंत माणसाचं असं काढूनही घेत नाहीत, ते मेंदू गेलेल्या माणसाचं मिळतं, असं त्यांनी समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तरी बघा.

व्हेंटिलेटरची नळी घालायचं ठरलं त्या दुपारी मला आत सोडलं. एकदा नळी घातली की बोलता येणार नव्हतं, म्हणून. दादा दोन शब्दांनंतर थांबत होता. मी त्याचा हात धरला. सांगून टाकावं असं मनात आलं. अजून वेळ होता, तो शुद्धीवर होता, त्याचा हक्क होता. पण मी त्याचा हात नकळत आवळला आणि ते त्याला जाणवलं. त्याला वाटलं मी त्याच्या काळजीने घाबरलोय.

"घाबरतोस काय मेल्या," तो म्हणाला. थांबला. "देवाने उजवा... दिलाय ना."

मी हो म्हटलं. त्याच्याशी माझं शेवटचं बोलणं ते. तो आठवड्याच्या आत गेला.

भाट्याच्या खाडीत आम्ही अस्थी सोडल्या. परत येताना पुलावर वहिनीने मला विचारलं, भावोजी, तिकडे कापून काढलेला भाग कुठे असतो हो. मी तिला सांगितलं की गाठीचे तुकडे मेणात घालून ठेवतात, पुढे संशोधनाला लागतात, दादाने तशी परवानगी दिली होती. मीही कॉलेजात बेडकाचे, उंदराचे असे मेणाचे ठोकळे केलेले आहेत. तिने खाडीकडे पाहिलं. "म्हणजे सगळे नाही आले आपल्याबरोबर," म्हणाली.

बाराव्याला गुरव आला होता. जेवण झाल्यावर त्याने मला अंगणाच्या कडेला नेलं. मी मनाची तयारी केली. मला वाटलं, हा आता विचारणार. पण त्याच्या मनात भलतंच होतं.

"तुमचा दादा धीराचा," तो म्हणाला. "देवाने नको सांगितलं, तरी गेला. माजी नसती छाती झाली."

 माझं गप्प राहणं त्याला दुःखाचं वाटलं असावं, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढे वर्षभरात तो मुलाकडे विरारला राहायला गेला. आता देवळात त्याचा पुतण्या असतो. त्याला यातलं काही माहीत नाही.

गुरवाच्या त्या बोलण्याने माझी झोप गेली ती गेलीच. कारण ते शक्य होतं. दादाला डावा सांगितला असता तर तो कदाचित थांबला असता, पुनवेला परत विचारलं असतं, सरळ ऑपरेशन करून घेतलं असतं. किंवा कदाचित म्हणाला असता, जाऊ दे, देवाला म्हणावं या वेळी मी माझं बघतो. बोटीवरचा माणूस होता, वादळात खाली इंजिनखोलीत उतरलेला. गुरवाने त्याला जे धैर्य बहाल केलं, ते दाखवायची संधी मी त्याला दिलीच नाही. तो मेला तो देवाच्या भरवशावर, आणि तो भरवसा मी दिलेला होता.

वहिनीचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. पहिलं वर्ष दुःखाचं म्हणून आमच्याकडे शिमगा झाला नाही. दुसऱ्या वर्षी पालखी घरोघरी फिरत आमच्या दारी येणार होती. वहिनी मांडवीहून आली, घर झाडून काढलं. लग्न होऊन आल्यापासून पालखीची ओटी तिनेच भरली होती, नारळ, तांदूळ, खण, सगळं ती आदल्या दिवशी परडीत लावून ठेवायची. ढोल वळणावर आले तेव्हा ती उठली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज अंगणात सगळ्यांना ऐकू आला. खांदेकरी थांबले. नाचवायला घेतलेली पालखी तशीच त्यांच्या खांद्यावर राहिली. मी पुढे होऊन नारळ ठेवला, काहीतरी सारवासारव केली. पालखी पुढच्या घरी गेली.

आत गेलो तर ती चुलीपाशी बसली होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "हो म्हणाला नसता तर ह्यांनी केलं नसतं. नाही म्हणायला त्याचं काय जात होतं?"

तो नाहीच म्हणाला होता, वहिनी. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. मी तिच्या शेजारी बसलो आणि चहा मागितला.

तेव्हापासून ती देवळात गेलेली नाही. दर शिमग्याला आमचं दार बंद असतं. गावात बायका बोलतात, देवाशी वैर धरलं म्हणतात, तिच्या समोरही म्हणतात.  मी देव मानत नाही, असं अजूनही म्हणतो. पण अंगणात उभा राहून पालखीसमोर नारळ ठेवताना मला वर बघवत नाही. माझ्यावर यायचा आळ देव गप्प राहून वाहतो आहे.

मधे एकदा आमच्या आळीतल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना तशीच गाठ निघाली. आता अशा गाठीला आधी तसलंच औषध, मग ऑपरेशन, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते. दादासारख्यांनी हो म्हटलं म्हणून ती चालते, एवढं मला समजतं. त्यांचं सगळं सुरळीत झालं. मांडवीच्या किनाऱ्यावर ते रोज संध्याकाळी हळूहळू फिरतात. आम्हाला बघून हात करतात. एका संध्याकाळी वहिनी माझ्याबरोबर होती. तिने त्यांना उलट हात केला, तब्येत विचारली. ते पुढे गेल्यावर म्हणाली, "ह्यांना काय कौल मिळाला होता हो, भावोजी?"

त्यांनी कौल लावला नव्हता, असं मी सांगितलं. ते खरं होतं. एवढं खरं बोलून मी थांबलो.

वहिनीला आता मोतीबिंदू आहे, ती वाचत नाही. म्हणून हे लिहिणं म्हणजे तिला सांगणं नव्हे, ही पळवाटही मला कळते. ती वाचणार नाही म्हणूनच कदाचित लिहायला धजलो. तिला कळलं तर ती मला दारात उभं करणार नाही, याची मला खात्री आहे. दादाच्या माघारी मला थोरलं घर म्हणून तेवढंच एक उरलं आहे, आणि एवढी वर्षं मी ते तिच्या देवाच्या जिवावर राखलं आहे.

देवाने नाही म्हटलं होतं आणि हो मी सांगितलं, हे वहिनीला तिच्यासमोर बसून सांगणं माझ्याकडून बाकी आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.